मोगलीचे दुसरे रान

कर्जत स्थानक सोडून खोपोलीची लोकल पळसदरीकडे वळली, की डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत उभी राहते. पावसाळ्यात त्या भिंतीवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत असतात. लहानपणी या गाडीतून जाताना आम्हां मुलांना खात्री होती, की मोगली याच डोंगरात कुठेतरी राहतो. सिवनी, वैनगंगा ही नावे पुस्तकात छापलेली होती. पण नकाशा कोण पाहतो? कर्जतच्या पूर्वेला भीमाशंकरपर्यंत चढत गेलेले रान, करवंदीच्या जाळ्या, उन्हाळ्यात पेटल्यासारखे फुललेले पळस एवढा पुरावा आम्हाला पुरेसा होता. पुढे १९९३ मध्ये दूरदर्शनवर जपानी बनावटीची मोगलीची मालिका सुरू झाली आणि रविवारची सकाळ घराघरांतून त्याच्या नावे लागली. तोपर्यंत आमच्या पिढीने मात्र संक्षिप्त मराठी रूपांतरांतूनच त्याला ओळखले होते.

त्या रूपांतरांत एक सोय असे. दोन पुस्तकांतील कथा एकत्र कापून-सांधून एकच सरळ गोष्ट केलेली असे. त्यामुळे मूळ लेखकाने दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली, एक १८९४ मध्ये आणि दुसरे १८९५ मध्ये, हे मला पन्नाशीकडे झुकल्यावर कळले. मग दुसरे पुस्तक सविस्तर वाचायला घेतले. लोकलच्या खिडकीशी बसून, मोठ्या अपेक्षेने. आणि निराश झालो. ही निराशा पुस्तकाची की वाढलेल्या वयाची, हे ठरवण्यासाठी लेखकाच्या आयुष्यात डोकवावे लागले. ते आयुष्य तर आपल्या मुंबईतच सुरू झालेले.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी या शाळेत वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून रुजू झाले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पे त्यांच्याच देखरेखीखालची. मंडईत भाजी आणायला जाणाऱ्या मुंबईकरांपैकी कितीजण मान वर करून ती पाहतात, कोण जाणे. आई ॲलिस ही मॅकडोनाल्ड घराण्यातील. तिच्या एका बहिणीचा नवरा विख्यात चित्रकार बर्न-जोन्स, तर दुसरीचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. इंग्लंडमधील ज्या तलावाकाठी आई-वडिलांची पहिली भेट झाली, त्या रुडयार्ड तलावाचे नाव मुलाला मिळाले.

मुलाला सांभाळायला गोव्याकडची ख्रिस्ती आया होती आणि मीता नावाचा हिंदू गडी होता. आया त्याला वाटेवरच्या क्रुसापाशी नेई, मीता देवळात नेई. झोपताना ऐकलेल्या गोष्टी आणि अंगाईगीते याच दोघांची. छोट्या रुडयार्डला स्वप्ने पडत ती इथल्या बोलीत. संध्याकाळी दिवाणखान्यात आई-वडिलांसमोर पाठवताना नोकर त्याला इंग्रजीत बोलायची आठवण करून देत, आणि तो मनातल्या मनात भाषांतर करीत अडखळत बोले. समुद्राचा वारा, माहीमकडची माडांची दाट राई, मंडईतल्या फळांचे ढीग यांचे रंग त्याने सत्तरीत लिहिलेल्या आत्मकथनात पुन्हा भरले. आयुष्याची पहिली पाच वर्षे म्हणजे स्वर्ग होता, असेच त्याला अखेरपर्यंत वाटत राहिले.

तो स्वर्ग १८७१ मध्ये संपला. हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडला नेण्यात आले आणि साउथसी येथे पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या एका कुटुंबात ठेवण्यात आले. आई-वडील मुलांना काही न सांगताच परतले. वय वर्षे सहासुद्धा पूर्ण नाही. आया नाही, मीता नाही, ओळखीची भाषा नाही. त्या घरची मिसेस होलोवे कडक धर्मनिष्ठ होती. मुलगा खोटे बोलतो, असा तिचा समज होता आणि मार, उपासमार, नरकाची भीती हे तिचे उपाय होते. त्यातच त्याची दृष्टी अधू होत गेली, ते कोणाच्या लक्षात आले नाही. अभ्यासात तो मागे पडला तेव्हा त्याची शिक्षाच झाली. वर्षातून एकदा, डिसेंबरात, मावशीच्या घरी जाण्याची तेवढी मोकळीक असे. तिथेही त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. लहान मुले आपल्यावर आलेले भोग जगाची रीत समजून सोसतात, असे त्याचे नंतरचे स्पष्टीकरण होते. १८७७ मध्ये आई परत आली, तेव्हा ही सुमारे साडेपाच वर्षांची कैद संपली. रात्री आई कुरवाळायला वाकली, तर मुलाने मार चुकवण्यासाठी हात आडवा धरला, असे सांगतात.

मोगली ज्यांनी वाचला आहे, त्यांना या घराची ओळख पटेल. लांडग्यांनी वाढवलेले मूल माणसांना परके आणि माणसाचे पोर म्हणून लांडग्यांनाही परके. पहिल्या पुस्तकात त्याला कळपही हाकलतो आणि गावही दगड मारून हाकलते. हे दोन्हीकडून हाकलले जाणे लेखकाने पुस्तकांतून उचललेले नव्हते.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. डेव्हनमधील एका शाळेत चार वर्षे काढल्यावर, विद्यापीठात पाठवण्याइतकी ऐपत नसल्याने, सोळाव्या वर्षी त्याला हिंदुस्थानात बोलावून घेण्यात आले. ऑक्टोबर १८८२ मध्ये तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि विसरलेल्या बोलीतली वाक्ये आपोआप तोंडातून बाहेर पडू लागली. अर्थ मात्र त्याला आठवेना. वडील तेव्हा लाहोरला कलाशाळेचे प्राचार्य आणि संग्रहालयाचे अभिरक्षक होते. तिथल्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये तो उपसंपादक झाला, १८८७ मध्ये अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये गेला. बातम्या, कविता, स्तंभाच्या मापात बसवलेल्या कथा यांचा रतीब त्याने घातला. १८८९ मध्ये हिंदुस्थान सोडला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढे १८९१ च्या अखेरीस एक धावती फेरी झाली, मुंबईत म्हाताऱ्या आयेची भेट झाली, आणि त्यानंतर उरलेल्या चव्वेचाळीस वर्षांत तो या देशात पुन्हा आला नाही.

म्हणजे मोगलीचे रान हिंदुस्थानात लिहिले गेलेच नाही. जानेवारी १८९२ मध्ये किपलिंगने कॅरोलिन बॅलेस्टियर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला आणि दोघे तिच्या माहेरी, व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरोजवळ एका लहानशा भाड्याच्या घरात राहू लागले. त्या वर्षीच्या २९ डिसेंबरला, बाहेर बर्फाचे ढीग साचलेले असताना, थोरली मुलगी जोसेफीन जन्मली. त्याच हिवाळ्यात, त्याच घरात लांडग्यांच्या कथेची पहिली पाने लिहिली गेली. सिवनीचे जंगल किपलिंगने कधी पाहिलेले नव्हते. स्टर्नडेल या अधिकाऱ्याची सिवनीवरील आणि प्राण्यांवरील पुस्तके, वडिलांनी हिंदुस्थानातील माणूस आणि जनावरे यांच्यावर १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ, परिचितांनी दाखवलेली छायाचित्रे आणि लहानपणी आयेच्या कुशीत ऐकलेल्या गोष्टी एवढ्या शिदोरीवर त्याने ते रान उभे केले. ते इतके जिवंत उतरले, की कर्जतच्या मुलांनी त्यावर हक्क सांगावा. ही किमया आजही नाकारता येत नाही.

पहिल्या पुस्तकाला अफाट यश मिळाले आणि वर्षभरात दुसरे आले. त्यात आठ कथा. पैकी पाच मोगलीच्या. भाषेवरची हुकमत वाढलेली, निसर्गाची वर्णने अधिक समृद्ध. दुष्काळात सर्व प्राणी वैर विसरून एकाच पाणवठ्यावर येतात, ती पहिलीच कथा वाचताना माझ्या सगळ्या अपेक्षा पुऱ्या होत होत्या. मग तिसरी कथा आली.

मोगलीला आसरा देणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटके ठरवून कोंडतात, जाळायला निघतात. मोगली त्यांना सोडवतो. इथवर ठीक. पण नंतर तो हाथी आणि त्याच्या तीन मुलांना बोलावून अख्खे गाव मिटवायला सांगतो. हरणे, रानडुकरे, नीलगाई उभी पिके फस्त करतात, हत्ती धान्याची कोठारे फोडतात, उपाशी गाव घरेदारे सोडून निघून जाते आणि पावसाळा संपेपर्यंत त्या जागी रानकारल्याचे वेल पसरतात. लहानपणी या कथेतील हत्तींचा पराक्रम वाचून टाळ्या पिटल्या होत्या. आता मात्र पेरलेल्या शेतात जनावर शिरले म्हणजे काय होते, हे मला ठाऊक आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर भाताच्या एका खाचरासाठी रात्र रात्र जागणारी माणसे मी पाहिली आहेत. गावात पोरेबाळे नव्हती का? लेखक त्यांच्याकडे वळून पाहत नाही. सुटलेल्या जोडप्याला न्याय हवा तर तोही तीस मैलांवरच्या इंग्रजांकडे. गावाच्या स्वतःच्या पदरी शहाणपणाचा एक कणही ठेवलेला नाही. साउथसीच्या घरावरचा जुना राग या गावावर निघाला असावा, असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नाही.

याहून मोठी उणीव निराळी आहे. या एवढ्या रानात रानाची माणसे जवळजवळ नाहीत. गोंड येतो, पण कडेकडेने. उद्ध्वस्त गावाला जंगलाचा कौल समजावून सांगणारा एक गोंड पुढारी एका शब्दानेही बोलत नाही; रानकारल्याची एक वेल देवळाच्या दारी लावून निघून जातो. राजाच्या अंकुशाच्या कथेत आणखी एक गोंड शिकारी येतो, तो बाण मारतो आणि पुढच्या काही ओळींत मारला जातो. जंगलाचा कायदा प्राण्यांना माहीत, मोगलीला माहीत. पिढ्यानपिढ्या त्या जंगलात राहणाऱ्यांना तो माहीत असावा, अशी शंकाही लेखकाला शिवत नाही. (दक्खनच्या वाचकाला आणखी एक चिमटा बसतो. मोगलीच्या रानावर चाल करून येणारे कोळसून, म्हणजे रानकुत्र्यांचे निर्दय टोळके, नेमके दक्खनहून आलेले असते.)

कर्जत-खालापुरात राहून हे खटकणे साहजिक आहे. इथल्या डोंगरउतारांवर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. नावातच जंगल आहे. किपलिंग लाहोरच्या छापखान्यात रात्रपाळ्या करीत होता, त्याच काळात इकडे जंगलाचा एक वेगळा कायदा अंमलात येत होता. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली. भाताच्या रोपांसाठी फांद्या तोडून राब भाजणे हे कोकणच्या शेतीचे पहिले पाऊल. त्यावरच निर्बंध आले. ओरड इतकी झाली, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी ऐकण्यासाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. किपलिंगला या आयोगाची खबर असणे-नसणे महत्त्वाचे नाही. मोगलीचे पुढे काय झाले, ते मात्र याच खात्याशी निगडित आहे.

कारण मोगलीच्या प्रौढपणाची कथा किपलिंगने आधीच लिहून ठेवली होती. ती १८९३ च्या एका संग्रहात आहे, म्हणजे दोन्ही पुस्तकांच्या आधी. तीत मोगली तरुण होऊन एका इंग्रज वनाधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि जंगल खात्यात रखवालदाराची नोकरी पत्करतो. पगार आणि पुढे निवृत्तिवेतन. त्याची पारख करणारा सर्वोच्च वनाधिकारी जर्मन दाखवला आहे, ते मात्र वास्तवाला धरून. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले तिन्ही प्रमुख जर्मन होते. दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरच्या कथेत सतरा वर्षांचा मोगली वसंतात बेचैन होतो, बघीराचा, बल्लूचा निरोप घेतो आणि माणसांकडे चालू लागतो. ती पाने डोळे ओलावणारी आहेत. पण तो कुठे चालला आहे, हे कळल्यावर माझे तरी मन खट्टू झाले. शेरखानाचे कातडे सभाखडकावर पसरणारा मुलगा आता सरकारी जंगलाची हद्द राखणार, आणि त्या हद्दीत लाकूडफाटा तोडणाऱ्यांना पकडणार.

किपलिंगच्या दृष्टीने हा गोड शेवट होता. ज्याला कुठेच जागा नाही, त्याला साम्राज्याने जागा दिली. मिसेस होलोवेच्या घरातून बाहेर पडलेल्या मुलाला व्यवस्था, शिस्त, कायदा यांची जी तहान लागली होती, ती तिथे भागली. हीच तहान पुढे त्याला फार लांब घेऊन गेली. गोऱ्यांनी इतरांचे ओझे वाहावे असे सांगणारी त्याची कुप्रसिद्ध कविता १८९९ मधली. १९२० मध्ये जालियनवाला बागेच्या डायरसाठी इंग्लंडमधील एका वृत्तपत्राने निधी उभारला, त्यात त्याने दहा पौंड घातले. मुंबईच्या आयेच्या मांडीवर वाढलेल्या माणसाने! हे वाचून त्याची पुस्तके घराबाहेर ठेवणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्यापाशी फारसे शब्द नाहीत.

दुःखानेही त्याला सोडले नाही. मेव्हण्याशी झालेल्या कोर्टकज्जामुळे १८९६ मध्ये व्हरमाँट सुटले. १८९९ मध्ये न्यूयॉर्कला गेलेला असताना तो आणि जोसेफीन दोघेही न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले. तो वाचला. ६ मार्चला जोसेफीन गेली; वय सहा वर्षे. आपण मोगलीपर्यंत ज्या आवाजात ऐकत आलो, तो आवाज यानंतर बदलला. ‘किम’ १९०१ मध्ये आली, जोसेफीनला सांगितलेल्या गमतीदार प्राणिकथा १९०२ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. १९०७ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. इंग्रजीत लिहिणारा तो पहिलाच मानकरी आणि वयाने आजवरचा सर्वांत तरुण. मग महायुद्ध आले. मुलगा जॉन दृष्टिदोषामुळे सैन्यात नाकारला गेला होता. बापाने ओळख वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातले. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत, अठरा वर्षांचा असताना, तो बेपत्ता झाला. बापाच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. उरलेली वर्षे किपलिंगने युद्धात पडलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचे काम केले. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, बेडन-पॉवेलने त्याच्या परवानगीने लहान बालवीरांची शाखा मोगलीच्या कळपावर बेतली. आपल्याकडच्या शाळांतले ‘कब’ त्याच कळपातले. १८ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीतील कवींच्या कोपऱ्यात आहे.

दुसऱ्या पुस्तकातली एक कथा मी मुद्दाम मागे ठेवली होती. तिच्यात मोगली नाही. एका संस्थानचा दिवाण, इंग्रजांनी सर केलेला, मानमरातब टाकून संन्यास घेतो आणि हिमालयातील एका गावाच्या वर, डोंगरावरच्या देवळात राहू लागतो. गाव त्याला भिक्षा घालते. वानरे, बारशिंगे त्याच्याशी सलगी करतात. एका पावसाळ्यात संततधार लागते. मध्यरात्री जनावरे त्याला ओढून उठवतात, कारण डोंगर सरकू लागल्याचे त्यांना कळलेले असते. म्हातारा पूरण भगत अंधारात, पावसात गावात उतरतो, दार न् दार ठोठावतो आणि साऱ्यांना पलीकडच्या चढावर नेतो. मागे डोंगर कोसळतो. गावातले एकही माणूस दगावत नाही. पहाटे भगत मात्र बसल्या जागी गेलेला असतो. ज्या लेखकाने लगेच पुढच्या कथेत एक गाव सूडाने पुसले, त्यानेच हे गाव इतक्या मायेने वाचवले आहे.

ही कथा मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये वाचली. त्याआधी, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला होता. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसे पावसात, अंधारात पायवाटेने चढून गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवला, तेव्हा सत्तावन्न जण ढिगाऱ्याखालीच होते. लोकलमधून त्या बाजूला पाहिले, तर ढग होते.

पुस्तक मी तेव्हा तिथेच मिटले आणि पुढच्या कथा महिनाभराने वाचल्या. गेल्या दिवाळीत धाकट्या पुतणीने मोगलीची गोष्ट मागितली. पहिले पुस्तक तिला सगळे वाचून दाखवले. दुसऱ्यातला पाणवठा सांगितला, पूरण भगत सांगितला. हत्तींनी गाव मोडल्याची कथा टाळून पुढे गेलो. पण तिने पानांतले चित्र पाहिले होते. त्या घरांतले लोक कुठे गेले, असे तिने विचारले. पुन्हा पाने चाळून पाहिली. ते कुठे गेले, ते किपलिंगने लिहिलेले नाही.